निंदा नव्हे, शोधन

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात पाथर्डी येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)





शंभर वर्षांचा सोहळा म्हटला की गोड बोलायची रीत आहे. मागच्यांची थोरवी सांगायची, हार-नारळ घ्यायचा आणि काल्याला बसायचं. ती थोरवी खोटी नाही. आपला तालुका दुष्काळाचा. इथली माणसं दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन ऊसतोडीला जातात, कारखान्याचा पट्टा पडला की गावी येतात, पेरणीची घालमेल डोक्यात असते आणि तरीही आषाढी आली की खांद्यावर पताका घेतात. ही निष्ठा कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत.

पण आयोजकांनी मला विषय दिला तो वेगळा. आपल्या परंपरेत आपल्यालाच काय खटकतं, ते सांगा म्हणाले. विषय ऐकून दोघा-तिघांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "बाबा, घरातलं चव्हाट्यावर कशाला? ऐकणारे टपूनच बसलेत." त्यांची काळजी प्रामाणिक आहे. तिचं उत्तर आधी देतो.

आपल्याच जिल्ह्यात नेवासे. तिथं पैसाच्या खांबाला टेकून माउलींनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. पुढं हातानं नकला होत गेल्या. कुणाचा शब्द सुटला, कुणी पदरची ओवी घातली, कुणाला अर्थ लागला नाही म्हणून त्यानं शब्दच बदलला. तीनशे वर्षांत मूळ पोथीवर बरीच धूळ बसली. मग शेवगाव ओलांडलं की जे पैठण लागतं, तिथले नाथबाबा पुढे झाले. त्यांनी जुन्या प्रती ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली.

आता विचार करा. नाथांना कुणी म्हणू शकलं असतं, की माउलींच्या ग्रंथात चुका काढणारे तुम्ही कोण? पण नाथ माउलींच्या चुका काढतच नव्हते. मधल्या हातांनी जे घातलं, ते काढत होते. पोथी फेकून दिली नाही आणि "आहे तशीच असू द्या, वाडवडिलांपासून चालत आलंय" असंही म्हणाले नाहीत. आज आपण जे पारायण करतो ते या शोधनाच्या जोरावर करतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की जे नाथांनी पोथीचं केलं, ते आपण दिंडीचं आणि संप्रदायाचं करायचं आहे. निंदा करणारा लांबून बोट दाखवतो. शोधन करणारा पोथी मांडीवर घेऊन बसतो.

आणि ही काही नवी रीत नव्हे. नाथांनी श्राद्धाचं अन्न गावकुसाबाहेरच्यांना वाढलं, अशी कथा आपण कीर्तनात सांगतो. तुकोबांनी ढोंगी गोसाव्यांवर आणि पोटभरू कथेकऱ्यांवर जेवढे कोरडे ओढले, तेवढे परक्यानं कुणी ओढले नसतील. त्यापायी त्यांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या. ज्या रामेश्वर भट्टांनी विरोध केला, तेच पुढं त्यांचे शिष्य झाले. सोयराबाईनं विटाळाचा प्रश्न थेट देवालाच विचारला. आणि आपल्या तालुक्यात भगवानगड उभा करणारे भगवानबाबा. देवापुढं बकरी-कोंबडी कापायची चाल गावोगाव होती. बाबांनी सप्ताह लावले, माळा घातल्या आणि ती चाल सोडायला लावली. मुलं शिकवा असा आग्रह धरला. यातला एकही माणूस धर्म बुडवणारा नव्हता. सगळे आपलेच, आणि सगळे खटकलेलं बोलणारे.

आता जिथं आपण ऐकलं नाही, तिथं काय झालं तेही पाहू.

पंढरपुरात महाद्वारापुढं, नामदेव पायरीजवळ, चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून इसवी सन १३३८ मध्ये चोखोबा गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून तिथं समाधी बांधली. जिवंतपणी ज्याला आत घेतलं नाही, त्याला देवाच्या दारात तरी जागा दिली. समाधीपासून विटेपर्यंत पावलं मोजली तर किती भरतील? ती वाट चालायला चोखोबांच्या माणसांना सहाशे वर्षं लागली. दर आषाढीला लाखोंनी आपण चोखोबांचे अभंग म्हणत तिथून आत गेलो आणि ज्यांचे ते अभंग, त्यांचे भाऊबंद बाहेर उभे राहिले.

१९४७ साली साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांना समजावलं आणि १ मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. ध्यानात घ्या, जागा एका वारकरी मठानं दिली. विरोधही झाला, आणि त्यातही देवाचं नाव घेणारीच माणसं होती. देव बाटेल, असं त्यांचं म्हणणं. दहा दिवसांनी, १० मे रोजी उपोषण सुटलं आणि दार उघडलं. देव बाटला नाही. आज ती गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. पण अभिमान सांगताना ती सहाशे वर्षंही सांगितली पाहिजेत.

आणखी एक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ तीन संतांना अर्पण केला: नंदनार, रविदास आणि आपले चोखोबा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी बाबासाहेबांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. म्हणजे नातं होतं. तरी १९५६ साली बाबासाहेब लाखो लोकांसह बुद्धाला शरण गेले. त्यांनी काय निवडलं याचा मान राखून मी आपल्यापुरतं सांगतो: घरातलं माणूस वर्षानुवर्षं दारात उभं ठेवलं की एक दिवस ते आपलं दुसरं घर बांधतं. मग त्याला दोष देता येत नाही.

अजून तीन गोष्टी. पंढरपुरातल्या बडवे-उत्पातांच्या कारभाराबद्दल वारकऱ्यांच्या तक्रारी पिढ्यानपिढ्या होत्या. शेवटी सरकारनं नाडकर्णी आयोग नेमला, १९७३ साली मंदिराचा कायदा झाला आणि सर्वोच्च न्यायालयात त्याचा अखेरचा निकाल लागायला २०१४ उजाडलं. त्याच साली मंदिर समितीनं सर्व जातींतून, बायांमधूनही, पुजाऱ्यांसाठी अर्ज मागवले. दुसरी गोष्ट शनिशिंगणापूरची, आपल्या शेजारच्या तालुक्यातली. चौथऱ्यावर बायांनी जायचं की नाही, हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१६ च्या गुढीपाडव्याला वाट मोकळी झाली. तिसरी गोष्ट जास्त लाजेची आहे. वारीनंतर पंढरपुरात आणि चंद्रभागेच्या वाळवंटात आपण जी घाण मागं ठेवतो, ती माणसांना हातानं उपसावी लागते, हे गाऱ्हाणं मुंबई उच्च न्यायालयात गेलं. कोर्टानं वाळवंटातल्या तंबू-राहुट्यांवर बंधन घातलं, पासष्ट एकराची सोय झाली, निर्मल वारीची फिरती शौचालयं आली.

तिन्हींत एकच गोष्ट दिसते. जे आपण बोलायला हवं होतं, ते शेवटी कोर्टाला बोलावं लागलं. चव्हाट्याची भीती आपल्याला वाटते, पण घरात बोलू दिलं नाही की विषय चव्हाट्यावर जातोच.

आता आपल्या दिंडीकडं वळू. दुसऱ्याच्या अंगणातला कचरा दाखवून मला टाळ्या नकोत.

पहिली गोष्ट पंगतीची. इरावती कर्वे वारीत चालल्या होत्या. 'वाटचाल' नावाच्या लेखात त्यांनी लिहिलंय, की एकाच दिंडीत भजन एकत्र व्हायचं, पण ब्राह्मण आणि मराठा मंडळींचं जेवण वेगवेगळं. त्याचं त्यांना दुःख झालं. ती बाई वारीवर प्रेम करणारी होती म्हणून तिला दुखलं. त्याला पाऊणशे वर्षं झाली. आता पंगत एकच बसते, हे खरं. पण वाढपी कोण, चुलीपाशी कोण, मुक्कामाला कुणाच्या घरी कोण उतरतं आणि टेम्पोजवळ कोण झोपतं, हे ज्याचं त्यानं आठवून पाहावं. एकमेकांच्या पाया पडणारा आपला संप्रदाय. रस्त्यावर पाया पडायचं आणि मुक्कामाला जात विचारायची, हा पाठभेद आहे. मूळ पोथीत तो नाही.

दुसरी गोष्ट बायांची. दिंडीत निम्म्याच्या वर माता-भगिनी. पहाटे तीनला उठून भाकरी थापतात त्या, आणि दिवसभर आपल्या बरोबरीनं चालतात. मुक्ताई, जनाई, सोयराई, बहिणाबाई यांचे अभंग वजा केले तर आपलं भजन केवढं उरेल? मग वीणा गळ्यात घ्यायची वेळ आली की ती गड्यांकडंच का? चालताना एखादीची पाळी आली तर तिनं तुळशीला शिवायचं नाही, रांगेच्या कडेनं चालायचं, हे कुठल्या संतानं सांगितलं? सोयराबाईनं विचारलेल्या प्रश्नाला आपण अजून उत्तर दिलेलं नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. सप्ताहाची वर्गणी घरटी ठरते. ज्याच्या घरी चार एकर बागायत आहे त्यालाही तीच आणि जो उचलीतून देतो त्यालाही तीच. आणि त्यातला मोठा वाटा कशावर जातो? मोठ्या नावाच्या महाराजांची बिदागी, मंडप आणि साउंड सिस्टिम यांवर. आकडा मी सांगत नाही, तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. महाराजांनाही घरदार आहे, प्रवास आहे, त्यांना मोकळ्या हातानं पाठवावं असं मी म्हणत नाही. पण तुकोबांनी कीर्तनाचा सौदा करण्याला जी सक्त मनाई केली, तिच्यावरच दोन तास निरूपण करायचं आणि पाकीट आधी ठरवायचं, हे ऐकणाऱ्याला कळतं. पुढं बसलेल्या पोरांना तर लगेच कळतं.

काही जण म्हणतात, असं उघड बोललं तर तरुण पोरं माळ घालायची नाहीत. मला उलट दिसतं. पोरांना हे सगळं आधीच दिसलेलं असतं. ती भांडत नाहीत, नुसती यायची बंद होतात. भांडणारा पोरगा दिंडीत आहे तोवर दिंडीला भविष्य आहे.

बोलण्यालाही पथ्य असावं. चालणाऱ्यानं बोलावं. माणसाची टिंगल करू नये, रीतीबद्दल बोलावं. जे बदलायचं त्याला आधी आपला हात लावावा. गाडगेबाबा कडक बोलत, पण हातात खराटा असे. बाहेरचा कुणी बोलला तर चिडण्याआधी, तो खरं बोलतोय का एवढं पाहावं.

म्हणून दिंडीच्या एकशे एकाव्या वर्षासाठी चार गोष्टी मांडतो. आज टाळ्या नकोत, बैठकीत ठराव हवा.

एक: वीणा पाळीपाळीनं, आणि त्या पाळीत माता-भगिनींची नावं. दोन: वाढपी आणि चुलीची पाळी घरवार सर्वांना, जात-गोत न पाहता. तीन: भिशी आणि वर्गणी ऐपतीप्रमाणे, आणि जमाखर्च कागदावर लिहून मंदिराच्या भिंतीला लावायचा. बिदागीसकट. चार: प्रत्येक मुक्काम सोडताना शेवटची पन्नास माणसं झाडलोट करून निघतील. आपली घाण कुणा गरिबाच्या हाताला लागता कामा नये.

आणि पाचवी एक, जिच्यावाचून चारही टिकणार नाहीत. द्वादशीचं पारणं झालं की परतीच्या आधी तासभर सगळ्यांनी बसायचं. त्या तासात दिंडीप्रमुखांनी, महाराजांनी बोलायचं नाही. पहिल्यांदा वारीला आलेल्यानं, स्वयंपाक करणाऱ्या बाईनं, टेम्पोच्या ड्रायव्हरनं बोलायचं: यंदा काय खटकलं. जुन्यांनी ऐकायचं आणि चोपदारानं ते वहीत उतरवायचं. पुढच्या वर्षी प्रस्थानाच्या आदल्या रात्री ती वही वाचायची. शंभर वर्षं आपण हजेरीची वही ठेवली, आता शोधनाचीही ठेवू.

पुढच्या शंभर वर्षांनी याच गावात कुणी उभं राहील आणि आपल्या पिढीच्या खोडी काढील. काढू द्या. त्याच्या गळ्यात माळ असली आणि पायात वारी असली, म्हणजे झालं.

राम कृष्ण हरी.