दारूच्या दुकानाचा परवाना आणि आमची तक्रार

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला आहे ‘व्यसनमुक्ती आणि मुस्लिम समाज’. व्यसनावर उपदेश करणारे पुष्कळ आहेत. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले, उपदेशाने काय होते ते मला ठाऊक आहे. म्हणून मी फक्त आमच्या गावातल्या एका बिअर शॉपीची हकिकत सांगणार आहे. तिच्या परवान्याविरुद्ध आम्ही तक्रार केली. पहिल्यांदा तोंडावर आपटलो, मग शिकलो.

दुकान छोटेच, एका गाळ्याचे. पण शाळेच्या वाटेवर. परवाना रीतसर. बिअर शॉपीला सीलबंद बाटली विकायची परवानगी असते, तिथे बसवून पाजायची नसते. इथे मागच्या बाजूला बाकडी आली, चकण्याची गाडी आली, आणि दुपारपासून मैफल भरू लागली. मुली ती वाट सोडून शेताच्या बांधावरून शाळेला यायच्या. पावसाळ्यात बांध चिखलाने भरला आणि एक मुलगी यायचीच थांबली. मी घरी गेले. तिचे अब्बा म्हणाले, “बाई, रोज कोण सोडायला येणार? आता स्थळच बघतो.” मुलगी नववीत होती. दारूच्या दुकानाने पिणाऱ्याचेच घर बुडते असे आपण समजतो. इथे न पिणाऱ्याच्या घरातली शाळा बुडत होती.

पहिला अर्ज आमच्या जमातीच्या मंडळींनी केला. त्यात लिहिले की दारू इस्लाममध्ये हराम आहे, म्हणून दुकान हटवा. सह्या सगळ्या मोहल्ल्यातल्या पुरुषांच्या. चार दिवसांत गावात कुजबुज सुरू झाली, ‘यांना आता आपल्या खाण्यापिण्यावर बंदी आणायची आहे.’ दुकानदाराला आयते कोलीत मिळाले. उत्पादन शुल्क विभागातल्या कारकुनाने अर्ज वाचून परत सरकवला आणि म्हणाला, “चाचा, हराम-हलाल आमच्या कायद्यात नाही. परवान्याची कोणती अट मोडली ते लिहून आणा.”

आमच्या लोकांना अपमान वाटला. मला वाटले, माणूस बरोबर बोलतोय. दारू हराम आहे हे मला मान्य आहे, पण ते माझ्यावर बंधन आहे, शेजाऱ्यावर नाही. शेजाऱ्याशी माझे नाते नागरिकाचे आहे आणि त्या नात्याने मागायला आमच्याकडे खूप काही होते.

कायदा काय सांगतो? संविधानाचे कलम 47 राज्याला मादक पेयांवर बंदी आणण्याच्या दिशेने प्रयत्न करायला सांगते. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे. त्या कायद्याखाली दारू विकायचा परवाना ही मालकी नाही, अटींवर दिलेली सवलत आहे. कलम 54 प्रमाणे अट मोडली तर परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. कलम 56 प्रमाणे इतर कारणानेही, पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन, तो रद्द होऊ शकतो. सार्वजनिक शांततेला धोका असेल तर कलम 142 खाली जिल्हाधिकारी दुकान बंद ठेवायला लावू शकतात. बिअर घेणाऱ्याचे वय किमान 21 हवे. ही सगळी हत्यारे आमच्या हातात होती आणि आम्ही अर्जात त्यातले एकही वापरले नव्हते.

दुसरा अर्ज बायकांनी केला. बौद्धवाड्यातल्या, मराठा आळीतल्या आणि आमच्या मोहल्ल्यातल्या बायका पहिल्यांदा एका सतरंजीवर बसल्या. सोपे नव्हते. एक भाभी म्हणाली, “आपा, सही केली तर रात्री घरी मला मार बसेल.” तिचा नवरा त्याच बाकड्यावर बसायचा. मी तिची सही घेतली नाही. पण ज्याला आम्ही ‘त्यांचे’ दुकान म्हणत होतो, त्याचे गिऱ्हाईक आमच्या घरातही आहे, हे त्या दिवशी सगळ्यांसमोर आले. तोवर जमातीत हा विषय काढला की ‘मोहल्ल्याची बदनामी होईल’ म्हणून दाबला जायचा.

आम्ही वही घातली. तारीख, वेळ, काय पाहिले. दुकान ठरलेल्या वेळेआधी उघडले, लिहिले. गणवेशातल्या मुलाला बाटली दिली, लिहिले. ऐकीव गोष्ट एकही लिहायची नाही, हा नियम. त्याच सुमारास आमची काही तरुण पोरे म्हणाली, “वही कशाला, एका रात्रीत बाटल्या फोडून टाकू.” मी त्यांना सांगितले, बाटली फुटली की गुन्हा तुमच्यावर, दंगलीची बातमी आपल्या सगळ्यांवर, आणि दुकानदार बिचारा ठरेल. पोरे गप्प बसली. पुढे वहीच्या पानांच्या झेरॉक्स काढायला तीच धावली.

निरीक्षक आले, पंचनामा झाला, सुनावणी लागली. दुकानदाराचे वकील म्हणाले, “ही धार्मिक आकसाची तक्रार आहे.” तेव्हा बौद्धवाड्यातल्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, “साहेब, माझी नात बांधावरून जाती. तिला कोंचा धरम लावता?” त्यानंतर वकिलांनी तो मुद्दा काढला नाही. दुकानदारालाही म्हणणे मांडायची पूर्ण संधी मिळाली आणि ती मिळायलाच हवी होती. परवाना सरकारने दिला, तो चोर नाही, त्यालाही मुले आहेत.

निकाल काय? परवाना काही दिवस निलंबित झाला, मग दुकान पुन्हा उघडले. दुकान बंद झाले नाही, हे मी लपवत नाही. पण बाकडी गेली, गाडी गेली, वेळ पाळली जाते. मुली वाटेने येतात. ती नववीतली मुलगी मात्र परत आली नाही. आमचा पहिला अर्ज नीट असता तर कदाचित आली असती. ते ओझे माझ्यावर आहे.

पुढचा रस्ताही आहे. 2008 च्या शासन आदेशाने गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान घेता येते. आडवी बाटली म्हणजे बंद, उभी म्हणजे चालू. पण बंदीसाठी नोंद असलेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला हवीत. हजार बायका यादीत असतील तर अडीचशे सह्या आणि किमान 501 मते. जी बाई घरी राहिली, ती दुकानाच्या बाजूने मोजली गेली समजा.

म्हणून माझी तुम्हाला विनंती एवढीच. गावी गेल्यावर मतदार यादी घ्या आणि आधी आपल्याच घरातल्या बायकांची नावे तिच्यात आहेत का ते बघा. आमच्या मोहल्ल्यात कितीतरी सुनांची नावे अजून माहेरच्या गावात आहेत. त्या भाभीला सही करायची भीती वाटली, पण गुप्त मतदानात तिचा हात कोणी धरणार नाही. तिचे नाव यादीत मात्र हवे.