घरची बोअर आणि वरचे चाळीस फूट



मी राहतो उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमध्ये. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधवांची वसाहत झाली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले, त्याच गावाचा हा एक भाग. आमच्याकडे पाणी म्हणजे नळाची वेळ. नळाला धार लागली की सारे घर जागे! त्यामुळे बदलापूरच्या पलीकडे, बारवी धरणाच्या वाटेवर राहणाऱ्या माझ्या आक्काचा जेव्हा निरोप आला, की "अंगणात बोअर मारतोय, तू ये," तेव्हा खरे सांगतो, मला तिचा हेवाच वाटला.

दाजींनी आधी पाणाड्या आणला होता. तळहातावर नारळ उभा राहिला, तिथे खूण केली. एकशे नव्वद फूट गेले, वर आला तो नुसता काळा भुगा. पाणाड्याची मी थट्टा करणार नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूमिगत पाणी ओळखण्यावर एक अख्खा अध्याय आहे, त्यात जांभूळ, उंबर, वारूळ अशा खुणा दिल्या आहेत. जुनी माणसे डोळे उघडे ठेवून हिंडत असत. पण नारळाला खडकातली भेग दिसत नाही, एवढे मात्र म्हणेन.

आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याचा खडक म्हणजे लाव्हाचे थर, एकावर एक अंथरलेले. अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. पाणी असते ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत, नाहीतर दोन थरांच्या मधल्या झिजलेल्या पट्ट्यात. म्हणून "अजून शंभर फूट जाऊ, मग लागेलच" हा हिशेब आपल्याकडे पुष्कळदा फसतो. आणि म्हणूनच इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही वैशाखात हंडे रिकामे राहतात. उतारावरचे पाणी वाहून जाते, आणि मुरमात साठलेले होळीनंतर ओसरू लागते.

दुसरी बोअर मारताना मी स्वतः हजर होतो. तिला एकशे चाळीस फुटांवर पाणी लागले. आक्काने हळदकुंकू वाहिले. पण त्याआधी, मुरूम लागत असतानाच, यंत्रावरचा माणूस म्हणाला होता, "साहेब, मुरूम खोल आहे. केसिंग चाळीस फूट न्यावे लागेल, पक्क्या खडकात रुतेपर्यंत." मी पडलो अर्थशास्त्राचा प्राध्यापक! मी म्हटले, पाणी येणार खालून, मग वरच्या पाइपावर पैसे कशाला? वीस फूट पुरे. तो बिचारा दोनदा बोलला, मग खांदे उडवून गप्प बसला. दाजींनी माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. शिकलेल्या मेहुण्याचा शब्द, मोडणार कसा?

आषाढात पाणी गढूळ येऊ लागले. पहिल्या पावसाचे असेल म्हणून सगळ्यांनी गाळून प्यायले. मग आक्काचा नातू कावीळ होऊन अकरा दिवस दवाखान्यात पडला. कावीळ त्याच पाण्याने झाली, हे काही कोणी सिद्ध करून दाखवले नाही. पण पाणी तपासायला दिले तेव्हा त्यात मैल्याचे जंतू निघाले, आणि घरच्या संडासाचा शोषखड्डा बोअरपासून तीस फुटांवर, तोही चढाच्या अंगाला होता. पावसाळ्यात मुरमातले पाणी पार वर येते. खड्ड्यातले पाणी त्यात मिसळते आणि केसिंग जिथे संपते तिथून सरळ आत उतरते. बोअर एकशे चाळीस फूट खोल, पण नातवाने प्यायलेले पाणी वीस फुटांवरचे होते. आक्का मला एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

मग जे सुरुवातीला करायचे ते आम्ही मागाहून, दुप्पट खर्चाने केले. बोअरमध्ये कमी व्यासाचा दुसरा पाइप पक्क्या खडकापर्यंत उतरवला आणि भोवतीची फट सिमेंटने भरली. पाइपाचे तोंड जमिनीच्या दीड फूट वर ठेवून झाकण बसवले आणि भोवती बाहेरच्या बाजूला उतरता ओटा बांधला. शोषखड्डा उताराच्या अंगाला साठ फुटांवर हलवला. निदान पन्नास फुटांचे अंतर हवेच. मग ब्लीचिंग पावडर सोडून, वास जाईपर्यंत पाणी उपसून टाकले. पंप गाळात बसू नये म्हणून तळापासून वर टांगला. आता पंप काढला, दोर बदलला, काहीही दुरुस्ती झाली, की पुन्हा ब्लीचिंग. किती घालायची ते ठरवायला एक हिशेब उपयोगी पडतो: सहा इंची बोअरमध्ये फुटाला साधारण साडेपाच लिटर पाणी असते. टाकीतल्या रोजच्या पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम चांगली पावडर, आणि अर्धा तास थांबणे. पाण्याची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.

बोअर मारण्याआधी ग्रामपंचायतीत मात्र चौकशी करावी. गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यावर १९९३ च्या कायद्याने बंधन आणले, आणि २००९ चा भूजल कायदा साठ मीटरच्या पुढच्या विहिरीला खोल विहीर म्हणतो. शेजाऱ्याची आणि आपली भेग एकच असू शकते, हे त्यामागचे साधे कारण.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. मुलांकडून गावातल्या बोअरींची वही करून घ्या. मुरूम किती फूट, केसिंग किती, पाणी कुठे लागले, दोनशे लिटरचे पिंप भरायला किती मिनिटे लागतात, हे सारे त्यात येऊ द्या. बोअर मारणारा निघून गेला की ही माहिती कोणाजवळच उरत नाही. आणि गावात कोरड्या पडलेल्या बोअरी किती, त्यांची तोंडे कशी आहेत, तेही लिहू द्या.

कारण आमची ती पहिली कोरडी बोअर तशीच पडली होती. तोंडावर एक फरशी, फरशीवर दगड. जुलै २००६ मध्ये हरियाणात पाच वर्षांचा मुलगा सुमारे साठ फूट खोल बोअरमध्ये पडला. दोन दिवसांनी तो सुखरूप वर आला, पण सगळीच मुले तशी परत येत नाहीत. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलेल्या बोअरी तळापासून तोंडापर्यंत भरून टाकण्याचे निर्देश दिले. हे सारे मला वाचून ठाऊक होते, आणि तरी आमची फरशी वर्षभर तशीच होती. दवाखान्यातून घरी आलेला नातू एका संध्याकाळी त्याच फरशीवर बसून गोट्या खेळताना दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी आणि मी मुरूम मागवला. एकशे नव्वद फूट भोक भरायला अर्धी ट्रॉलीसुद्धा लागली नाही. न्याहारीच्या आत काम झाले.