पत्र आपल्या हातचे



याच अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी १९३३ साली खोतांविरुद्ध संप पुकारला आणि १९३९ पर्यंत चालवला. पुढे कायद्याने खोती गेली. पण कागद दुसऱ्याने लिहावा आणि आपण खाली अंगठा उठवावा, ही सवय अजून पुरती मोडलेली नाही. आज तो कागद ई-मेल झाला आहे. कित्येक कामगार बंधू तो पाठवायला दुकानदाराकडे जातात आणि आपला पासवर्डही त्याच्याच हवाली करतात!

म्हणून आम्ही अभ्यासवर्गात मोजक्याच गोष्टी शिकवतो. विषयाच्या ओळीत मागणी थोडक्यात लिहावी. एका पत्रात एकच तक्रार असावी. प्रतीच्या रकान्यात सहकाऱ्यांचे पत्ते घालावेत, म्हणजे पत्र एकट्याचे राहत नाही. आलेल्या पत्राला उत्तरही सर्वांना मिळून धाडावे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. जुन्या फाँटमधला मजकूर, तो फाँट पलीकडे नसला, तर निरर्थक चिन्हे होऊन उमटतो. अक्षरे लाल केल्याने मागणीला जोर येत नाही. क्रमवार मुद्दे मांडल्याने येतो.

आणि आलेले पत्र पुसून टाकू नये. काही अपवाद सोडता, २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने असल्या लेखालाही कागदासारखीच मान्यता दिली आहे. साहेबाने तोंडी दिलेला शब्द साहेब बदलला की हवेत विरतो. तारीखवार जपलेला पत्रव्यवहार मात्र वाटाघाटीच्या टेबलावर ठेवता येतो. घाम आमचा आहे, तेव्हा त्याचा हिशेब मागणारे पत्रही आम्हालाच लिहिता आले पाहिजे.