बॅटरी पुन्हा पुन्हा का उतरते?

नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातील खापरखेडा हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते तेथील औष्णिक विद्युत केंद्रामुळे. २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक असे संच येथे उभारण्यात आले. ज्या गावातून राज्यातील दूरदूरच्या घरांत उजेड पोहोचतो, त्याच गावात रात्रपाळीला निघालेल्या कामगाराची मोटारसायकल बारा व्होल्टच्या लहानशा बॅटरीअभावी दाराशीच अडून राहावी, ही विसंगती ऐकणाऱ्याला गमतीची वाटेल. ज्याची हजेरी चुकते त्याला ती तशी वाटत नाही. विद्युत केंद्र असो वा सिल्लेवाडा-वलनीकडील कोळसाखाणी, काम पाळ्यांचे. आणि अपरात्री दुसरे वाहन मिळणे कठीण.

अशा वेळी सहसा काय घडते? गाडी ढकलत दुकानापर्यंत नेली जाते, 'बॅटरी गेली' असा निर्वाळा मिळतो, नवी बॅटरी बसविली जाते आणि सात-आठ महिन्यांनी तोच प्रसंग पुन्हा ओढवतो. मग बॅटरी बनविणाऱ्याच्या नावाने बोटे मोडली जातात. वस्तुत: एक बॅटरी निकामी झाली तर तिचे आयुष्य संपले असे समजता येईल. एकापाठोपाठ दुसरीही गेली, तर दोष बहुधा बॅटरीत नसून गाडीत किंवा गाडी वापरण्याच्या रीतीत असतो. तो शोधल्यावाचून तिसरी बॅटरी विकत घेणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे होय.

शिसे आणि गंधकाम्ल यांचा हा विद्युत्-घट फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लान्ते यांनी १८५९ मध्ये सिद्ध केला; मूलतत्त्व आजही तेच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात व प्रत्येकातून दोन व्होल्टांहून किंचित अधिक दाब मिळतो. वीज खर्च होताना पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो आणि बॅटरी पुन्हा भरताना तो विरघळतो. परंतु बॅटरी दीर्घकाळ अर्धपोटी राहिली, तर या थराचे कठीण स्फटिक बनतात व मग ते विरघळत नाहीत. बॅटरी अकाली मरते ती पुष्कळदा या उपासमारीने.

खापरखेड्यासारख्या ठिकाणी ही उपासमार सहज घडते. वसाहतीपासून कामाचे ठिकाण जेमतेम दोन-तीन किलोमीटर. सेल्फचे बटण दाबताच बॅटरीतून क्षणभर मोठा प्रवाह जातो. तो भरून येण्याआधीच प्रवास संपतो. त्यातच १ एप्रिल २०१७ पासूनच्या नियमानुसार नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेतो जळतच राहतो. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ मानके लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा इंधन-प्रक्षेपणाने घेतली. त्यातील पंपालाही वीज लागत असल्याने, पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर किक मारून वेळ निभावेलच अशी खात्री उरलेली नाही. आणि मे महिन्यातील नागपुरी ऊन! पारा ४५ अंशांपलीकडे जातो, उघड्यावर उभ्या गाडीतील बॅटरीचे पाणी आटते, पट्ट्या झिजतात. तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते, असा ढोबळ ठोकताळा आहे.

दोष शोधण्यास एक साधा मल्टीमीटर पुरतो. प्रथम तारांची टोके पाहावीत. ती सैल असतील किंवा त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, तर काम तेथेच संपण्याचा संभव असतो. नंतर बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून, गाडीपासून वेगळी, रात्रभर ठेवावी. सकाळी १२.६ व्होल्टांच्या आसपास दाब असेल तर ती निरोगी. १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. काहीही न जोडता दाब बाराच्या खाली घसरला, तर बॅटरीच खराब आहे.

निरोगी बॅटरी गाडीला जोडून इंजिन मध्यम वेगाने चालवावे आणि दाब पुन्हा मोजावा. तो साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टांच्या दरम्यान हवा. तेराच्या वर चढतच नसेल, तर वीज निर्माण करणारे वेटोळे, रेग्युलेटर-रेक्टिफायर किंवा मधली एखादी जोडणी सदोष आहे. पंधराच्या वर गेला, तर रेग्युलेटर आवरत नाही व बॅटरी अक्षरश: उकळते आहे. ज्या गाडीत वरचेवर पाणी घालावे लागते, तिच्याबाबत हा संशय आधी घ्यावा.

सर्वांत फसवा दोष म्हणजे चोरगळती. हौसेने बसविलेले कर्णे, जादा दिवे, चोरीची घंटा, मोबाइल भरण्याची खाच, यांपैकी काही चावी बंद असतानाही वीज पीत राहते. चावी काढून, ऋण तार सोडवून, ती तार आणि बॅटरीचे टोक यांच्यामध्ये अँपिअरवर लावलेला मीटर जोडावा. या स्थितीत चावी फिरवू नये वा सेल्फ दाबू नये, मीटर जळेल. काही मिलिअँपिअर क्षम्य होत. ५० मिलिअँपिअर मात्र चोवीस तासांत १.२ अँपिअर-तास होतात. पाच अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांच्या रजेत रिती करण्यास एवढे पुरे. मग एकेक जोडणी सोडवीत जावे; जिच्यासरशी काटा खाली येईल ती दोषी.

प्रतिबंधाचे उपाय थोडे आहेत. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवावी. लांब रजेवर जाताना ऋण तार सोडून ठेवावी. झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड पाणीच घालावे, नळाचे वा विहिरीचे नव्हे, आणि आम्ल तर कधीच नव्हे. बंदिस्त बॅटरी उघडू नये. चार्जरचा प्रवाह क्षमतेच्या दशांशाइतका ठेवावा व खोली हवेशीर असावी, कारण भरताना ज्वलनशील हायड्रोजन निघतो. तारा सोडविताना आधी ऋण, जोडताना आधी धन.

इतके करूनही बॅटरी बदलावीच लागली, तर जुनी भंगारात फोडू देऊ नये. शिसे व आम्ल दोन्ही विषारी आहेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार निकामी बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जुनी परत केल्यास विक्रेते सामान्यत: नवीच्या किमतीत काही सूटही देतात, ती मागून घ्यावी.