डीजे काढला का?

हेडफोन लावून ऐकत असाल तर बरंच आहे, कारण आज आपण लघवीबद्दल बोलणार आहोत. हसू नका. मीही हे हसण्यावारी नेलं होतं आणि त्यापायी माझी एक किडनी जाता जाता वाचली.

तर झालं असं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा. मे महिना, नाशिकचं ऊन, दिवसभर बाइकवर फिरतीची नोकरी. पाणी कमी, चहा जास्त. एका पहाटे उजव्या कुशीत अशी कळ उठली की बसवेना, झोपवेना. सीटी स्कॅनमध्ये दिसलं, मूत्रवाहिनीत नऊ मिलिमीटरचा खडा अडकलाय. पाच मिलिमीटरपेक्षा लहान मुतखडे बहुतेक वेळा आपोआप पडतात, हा पडेल अशी आशा कमीच होती. डॉक्टरांनी लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण घातली आणि लेझरने तो फोडला. कुठे काप नाही, टाका नाही. दुसऱ्या दिवशी मी घरी.

पण आत एक पाहुणा ठेवला होता. डीजे स्टेंट. डीजे म्हटलं की आपल्याला मिरवणूक आठवते, पण हा डीजे म्हणजे ‘डबल जे’. साधारण वीतभर लांबीची मऊ, पोकळ नळी. दोन्ही टोकं इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली. एक टोक किडनीत, दुसरं मूत्राशयात, म्हणजे नळी घसरत नाही. ऑपरेशननंतर मूत्रवाहिनीला आतून सूज येते, खड्याचा चुरा अडकू शकतो. तरीही लघवी वाहती राहावी म्हणून ती ठेवतात.

पहिले काही दिवस त्रास झाला. सारखी लघवीला लागायची, करताना कुशीत चमक यायची, रंग गुलाबीसर. स्टेंट असताना एवढं होतंच. पुढे सवय झाली आणि तिथेच घोटाळा झाला.

तीन आठवड्यांनी स्टेंट काढायचा होता. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत तशी एक ओळ होती. ती मी वाचली नाही, आणि हॉस्पिटलात कुणी बसवून समजावलंही नाही. आई तेव्हा खाली बिलाच्या रांगेत. मग मला पुण्यात नोकरी लागली, नंबर बदलला, दुखणं थांबलं. मी समजलो, विषय संपला.

अकरा महिन्यांनी लघवीतून लालभडक रक्त आलं, थंडी वाजून ताप भरला. पुण्यातल्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, “आत स्टेंट आहे का?” मी ठामपणे म्हटलं, “नाही.” त्यांनी एक्स-रे लावला. नळी स्पष्ट दिसत होती, आणि तिच्या दोन्ही टोकांना पांढरे गोळे. लघवीतले क्षार नळीवर बसत जातात. खडा काढायला घातलेल्या नळीवरच नवे खडे धरले होते.

वेळेवर गेलो असतो तर जेल लावून, दुर्बिणीतून पाच-दहा मिनिटांत नळी निघाली असती. आता आधी इन्फेक्शन आटोक्यात आणायला सलाइनमधून अँटिबायोटिक्स. मग मूत्राशयातला गोळा लेझरने फोडला. वरच्या टोकासाठी पाठीतून किडनीत छिद्र पाडावं लागलं. दोन ऑपरेशनं, बारा दिवस हॉस्पिटल, वडिलांची एफडी मोडली. किडनी वाचली, पण रेनल स्कॅनमध्ये उजवीचं काम डावीपेक्षा कमी दिसतं, ते कायमचं. आई एवढंच म्हणाली, “रिचार्ज संपायच्या आधी तुला मेसेज येतो, याचा नाही आला होय रे?”

चूक हॉस्पिटलची की माझी? दोघांची. पण किडनी फक्त माझी होती.

म्हणून सांगतो. मुतखड्याचं ऑपरेशन झालं की घरी निघण्याआधी तीन गोष्टी विचारा: आत काही ठेवलंय का? कधी काढायचं? कोण काढणार? तारीख मोबाइलमध्ये टाका, घरातल्या आणखी एकाच्याही मोबाइलमध्ये टाका. स्टेंट असताना थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा लघवी बंद झाली, तर सकाळची वाट बघू नका. अडकलेल्या लघवीतलं इन्फेक्शन काही तासांत रक्तात पसरू शकतं.

आणि मुतखडा पुन्हा होतो, बरं का. दिवसभरात दोन-अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी प्या, उन्हात फिरत असाल तर आणखी जास्त.

शेवटचं एक काम. ओळखीत कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल तर आजच फोन करा. “कसा आहेस?” नंतर विचारा, आधी विचारा, “डीजे काढला का?” खात्री नसेल तर एक साधा एक्स-रे सांगून टाकतो.

भेटू पुढच्या भागात. तोवर पाणी प्या, काळजी घ्या!