इराणचें तेल आणि बड्या राष्ट्रांची चुरस

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडच्या आरमाराचा दरारा सर्व समुद्रांवर होता. त्या दराऱ्यामागें तोफा होत्या, कसलेले खलाशी होते. परंतु या सर्वांच्या मुळाशीं वेल्सच्या खाणींतला दगडी कोळसा होता. हा कोळसा उत्तम प्रतीचा, मुबलक आणि मुख्य म्हणजे घरचा. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्याच इंग्लंडनें हें घरचें इंधन बाजूस सारून परक्या भूमींतील खनिज तेलाची कास धरली. त्या एका निर्णयापासून बड्या राष्ट्रांच्या चुरशीला जें वळण लागलें, त्याचा इतिहास उद्बोधक आहे; कारण ज्या देशांत तेल निघालें तो देश आणि ज्यांना त्या तेलाची गरज होती तीं राष्ट्रें, यांपैकीं कोणालाच त्या तेलानें स्वस्थता लाभूं दिली नाहीं.

तेलाचे गुण उघड होते. कोळशापेक्षां कमी वजनांत तें अधिक उष्णता देई. त्यामुळें जहाजाचा वेग वाढे व पल्ला लांबे. भट्टींत फावड्यानें कोळसा लोटणाऱ्या माणसांची फौज लागत नसे, आणि भर समुद्रांतहि नळीनें तेल भरून घेतां येई. जर्मनी एकामागून एक नव्या युद्धनौका बांधीत असतां या सोयींकडे दुर्लक्ष करणें इंग्लंडला परवडण्याजोगें नव्हतें. १९११ सालीं आरमारखात्याचे मंत्री झालेले विन्स्टन चर्चिल यांनीं ‘क्वीन एलिझाबेथ’ जातीच्या केवळ तेलावर चालणाऱ्या मोठ्या युद्धनौकांची योजना हातीं घेतली. अडचण एकच होती. इंग्लंडच्या पोटांत कोळसा होता, तेल नव्हतें.

तें तेल इराणांत सांपडलें. विल्यम नॉक्स डार्सी या गृहस्थानें १९०१ सालीं इराणच्या शाहाकडून ६० वर्षांचा मक्ता मिळविला होता. निव्वळ नफ्याचा शेंकडा १६ हिस्सा इराणला द्यावयाचा, अशी त्यांत अट होती. या मक्त्यांतून उत्तरेकडील पांच प्रांत वगळलेले होते. तेथें तेल नसेल म्हणून नव्हे, तर ते प्रांत रशियाच्या सरहद्दीस लागून होते आणि झारचा रोष ओढवून घेणें शाहाला व इंग्रजांना दोघांनाहि नको होतें म्हणून. म्हणजे जमिनींतून तेलाचा थेंबहि निघण्यापूर्वीं त्या जमिनीवर दोन साम्राज्यांच्या स्पर्धेची रेघ ओढली गेली होती. पुढें १९०७ च्या तहानें इंग्लंड व रशिया यांनीं इराणांत आपापलीं प्रभावक्षेत्रें ठरवून टाकलीं. २६ मे १९०८ रोजीं मस्जिद-इ-सुलेमान येथें तेल उसळलें. दुसऱ्याच वर्षीं, ब्रह्मदेशांतील तेलावर वाढलेल्या बर्मा ऑइल कंपनीच्या आधारानें, अँग्लो-पर्शियन कंपनी स्थापन झाली. डोंगरांतून आखाताच्या मुखापर्यंत सुमारे १३० मैलांचा नळ टाकून आबादान बेटावर शुद्धीकरणाचा कारखाना उभारण्यांत आला.

१९१३ सालीं चर्चिल यांनीं पार्लमेंटापुढें एक मार्मिक विचार मांडला होता. तेलाच्या बाबतींत कोणत्याहि एका जातीवर, एका देशावर, एका मार्गावर किंवा एका क्षेत्रावर विसंबून राहतां कामा नये. विविधता हीच खरी सुरक्षितता, असा त्याचा आशय होता. परंतु १७ जून १९१४ रोजीं पार्लमेंटनें जो निर्णय घेतला त्याचा रोख वेगळा होता. सुमारे २२ लक्ष पौंड भरून ब्रिटिश सरकारनें अँग्लो-पर्शियन कंपनीचे शेंकडा ५१ भाग घेतले. त्यानंतर अवघ्या ११ दिवसांनीं साराजेव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि पाहतां पाहतां महायुद्ध पेटलें.

या निर्णयाची किंमत प्रथम कोणीं दिली, हें महाराष्ट्राला ठाऊक असावयास हवें. तुर्कस्तान युद्धांत उतरतांच ६ नोव्हेंबर १९१४ रोजीं हिंदी सैन्याची सहावी, म्हणजे ‘पूना’ डिव्हिजन फाओ येथें उतरूं लागली. आबादानचा कारखाना व तेलाचा नळ यांचें रक्षण हा त्या मोहिमेचा एक प्रमुख हेतु होता. तिच्यांत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्याच महिन्यांत बसरा पडलें. फेब्रुवारी १९१५ मध्यें टोळीवाल्यांनीं नळ तोडला, तेव्हां त्याच्या रक्षणासाठीं आणखी पुढें सरकणें भाग झालें. आणि एक ठाणें राखण्यासाठीं पुढचें ठाणें घ्यावयाचें, या क्रमानें तें सैन्य बगदादच्या उंबरठ्यापर्यंत ओढलें गेलें. तेथून मागें हटतांना तें कूत येथें वेढलें गेलें. २९ एप्रिल १९१६ रोजीं, जवळजवळ पांच महिन्यांच्या उपासमारीनंतर, सुमारे १३ हजार लोक तुर्कांच्या कैदेंत गेले. त्यांतील हजारों परत आलेच नाहींत. ज्यांच्या घरीं रॉकेलची चिमणीहि जपून लावीत, त्या खेड्यांतील तरुण दूरच्या आरमाराच्या इंधनासाठीं वाळवंटांत मातींत मिसळले.

युद्ध संपलें, पण चुरस संपली नाहीं. १९२० सालीं सान रेमो येथें इंग्लंड व फ्रान्स यांनीं इराकच्या तेलाच्या वांटणीचा करार केला. दुसऱ्या महायुद्धांत, ऑगस्ट १९४१ मध्यें, ब्रिटिश व रशियन फौजा इराणांत शिरल्या. १९४४ सालीं रशियानें उत्तरेकडील तेलाचा मक्ता मागितला, तेव्हां डॉ. मोहम्मद मोसद्दिक यांच्या पुढाकारानें मजलिसनें परकीयांशीं तेलाच्या मक्त्याची बोलणी करण्यासच कायद्यानें बंदी घातली. युद्धानंतर रशियन फौजा १९४६ पर्यंत रेंगाळल्या, आणि जातांना त्यांनीं संयुक्त तेल कंपनीचें आश्वासन मिळविलें. तें १९४७ सालीं मजलिसनें फेटाळून लावलें.

ज्या मजलिसनें रशियाला नकार दिला, तिनेंच पुढें इंग्लंडलाहि जाब विचारला. ब्रिटिश सरकारला या कंपनीकडून कराच्या रूपानें जें मिळे, तें इराणला मिळणाऱ्या वांट्याहून कित्येक वर्षें अधिक होतें. १९५० च्या अखेरीस सौदी अरेबियाला अमेरिकन कंपन्यांनीं निम्मा नफा देऊं केला आणि इराणच्या असंतोषाला धार चढली. मार्च १९५१ मध्यें मजलिसनें तेलाचें राष्ट्रीयीकरण केलें. पुढील महिन्यांत मोसद्दिक पंतप्रधान झाले. ऑक्टोबरांत ब्रिटिश तंत्रज्ञ आबादान सोडून गेले आणि जगांतील तो सर्वांत मोठा कारखाना थंडावला.

येथें एक कठोर सत्य प्रत्ययास आलें. विहिरी इराणच्या होत्या, कारखानाहि आतां इराणचा होता. पण तेल वाहून नेणारीं जहाजें, विमा आणि बाजारपेठ दुसऱ्यांच्या मुठींत होती. ब्रिटिश बहिष्कारामुळें गिऱ्हाइकें मिळेनात, आणि कुवेत, इराक व सौदी अरेबिया येथील उत्पादन वाढवून जगाची तूट भरून काढण्यांत आली. जुलै १९५२ मध्यें हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानें, हा तंटा आपल्या अधिकारकक्षेंत येत नाहीं, असा निर्णय देऊन ब्रिटनचा दावा अमान्य केला. पण जें न्यायालयांत साधलें नाहीं तें कारस्थानानें साधलें. ऑगस्ट १९५३ मध्यें अमेरिका व ब्रिटन यांच्या हेरखात्यांच्या साहाय्यानें मोसद्दिक यांचें सरकार उलथविण्यांत आलें. आपल्या सहभागाची स्पष्ट कबुली देणारीं अमेरिकन हेरखात्याचीं कागदपत्रें २०१३ सालीं प्रकाशांत आलीं. १९१४ सालीं कंपनीचे भाग घेणारे चर्चिल हेच १९५३ सालीं ब्रिटनचे पंतप्रधान होते, हा योगायोग लक्षांत घेण्याजोगा आहे. तरी बाजी खऱ्या अर्थानें ब्रिटननें जिंकली नाहीं. १९५४ च्या नव्या व्यवस्थेंत जुन्या कंपनीच्या वांट्यास शेंकडा ४० भाग आले, आणि तितकेच अमेरिकन कंपन्यांना गेले. शत्रूपासून राखलेलें धन मित्राबरोबर वांटून घ्यावें लागलें.

उत्पादक देश यापासून धडा शिकले. एकट्यानें लढण्यांत हार आहे, हें ओळखून सप्टेंबर १९६० मध्यें इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया व व्हेनेझुएला यांनीं बगदाद येथें आपली संघटना स्थापिली. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धाच्या वेळीं कांहीं महिन्यांतच तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. इराणांत १९५३ ची जखम भरलीच नव्हती. १९७९ च्या क्रांतींत शाहाची राजवट कोसळली. लगेच जानेवारी १९८० मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनीं जाहीर केलें कीं, आखातावर ताबा मिळविण्याचा परकी सत्तेचा प्रयत्न हा अमेरिकेच्या हितसंबंधांवरील हल्ला समजून, जरूर तर शस्त्रबळानेंहि परतविला जाईल. इंग्लंडचें पहाऱ्याचें काम अशा रीतीनें दुसऱ्या महासत्तेच्या शिरावर आलें.

श्रोत्यांनीं नकाशा उघडून पाहिला तर या पहाऱ्याचें मर्म ध्यानांत येईल. होर्मुझची सामुद्रधुनी सर्वांत चिंचोळ्या जागीं जेमतेम २१ मैल रुंद आहे. २०२४ सालीं तींतून दररोज सुमारे दोन कोटि पिंपें तेल जात होतें. जगाच्या एकूण खपाचा हा जवळजवळ पांचवा हिस्सा होय. हिंदुस्थान आपल्या गरजेच्या शेंकडा ८५ हून अधिक कच्चें तेल बाहेरून आणतो, आणि त्यांतील मोठा भाग आखाताकडूनच येतो. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रांत १९७४ सालीं सांपडलेल्या ‘बाँबे हाय’ क्षेत्रानें देशाला मोठा हात दिला. पण वाढत्या गरजेला तो पुरा पडला नाहीं.

मग यावर उपाय काय? पहारा बळकट करणें हा उपाय बड्या राष्ट्रांनीं शतकभर करून पाहिला. एका पहाऱ्यानें दुसऱ्या पहाऱ्याची गरज निर्माण केली, आणि प्रत्येक वेळीं ज्यांच्या अंगणांत तो बसला त्यांच्या मनांत वैर रुजलें. उलट, १९७४ नंतर फ्रान्सनें अणुशक्तीकडे मोर्चा वळविला आणि विजेपुरती तरी तेलाची ताबेदारी झुगारून दिली. रशियाच्या स्वस्त वायूवर विसंबलेल्या युरोपला मात्र २०२२ च्या युक्रेन युद्धानें तोच जुना धडा महागांत शिकविला. सूर्यप्रकाश व वारा यांना मक्तेदार नाहीं हें खरें; पण त्यांचीं यंत्रें ज्या खनिजांपासून होतात त्यांना आहे. एप्रिल २०२५ मध्यें चीननें कांहीं दुर्मिळ धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हां त्याची चुणूक दिसली. इंधन बदललें म्हणून परावलंबन आपोआप सुटत नाहीं. १९१३ सालीं सांगितला गेलेला आणि वर्षभरांतच बाजूला पडलेला विविधतेचा मार्ग आजहि मोकळा आहे. एका विहिरीवर गांवाची तहान सोंपवूं नये, हें आपल्याकडील कोणताहि शेतकरी जाणतो. राष्ट्रांनीं तें ओळखण्यास शंभर वर्षें घालविलीं.