अठरा कोटी वर्षांचे लाकूड, दोन वर्षांचे सुतक



पत्रिकेत आजचा विषय ‘जीवाश्म आणि दागिने’ असा छापला आहे. एवढा विषय तासाभरात मावायचा नाही. म्हणून मी एकच गाव आणि एकच माल घेऊन आलो आहे. गाव व्हिटबी, इंग्लंडच्या ईशान्येला यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरचे. कॅप्टन कुक जहाजाचे काम शिकला ते या गावात. त्याचे ‘एंडेव्हर’ बांधले गेले तेही इथेच. कादंबरीतला ड्रॅक्युला इंग्लंडच्या भूमीवर पाऊल टाकतो, ते याच बंदरात. आणि माल म्हणजे जेट. काळाकुळकुळीत, हातात घेतला तर आश्चर्य वाटावे इतका हलका, आणि दगडासारखा दिसूनही दगड नसलेला.

जेट हे लाकूड आहे. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळात, तिथल्या जमिनीवर अरौकेरिया कुळातले वृक्ष होते. पुण्या-मुंबईच्या जुन्या बंगल्यांच्या आवारात ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून जे उंच, थरांथरांचे झाड दिसते, ते याच कुळातले. असे वृक्ष उन्मळून नद्यांतून समुद्रात वाहत गेले, पाणी पिऊन जड झाले आणि तळाशी बसले. त्या काळी त्या समुद्राच्या तळाला प्राणवायू जवळजवळ नव्हता, त्यामुळे लाकूड कुजले नाही. वरून चिखलाचे थर साचत गेले. त्यांच्या भाराने गोल खोडे दाबली जाऊन फळीसारखी चपटी झाली आणि हळूहळू त्यांचे एक प्रकारच्या कोळशात रूपांतर झाले. म्हणूनच जेट पेटवले तर जळते.

हे शास्त्र आपल्याला आज ठाऊक आहे. ज्यांनी जेट घडवले, विकले आणि अंगावर घातले, त्यांपैकी बहुतेकांना ते ठाऊक नव्हते आणि त्यांचे त्यावाचून काही अडलेही नाही. आजच्या व्याख्यानात मला हेच मांडायचे आहे. जीवाश्मांचे दागिने विकणारा आज पहिल्यांदा वय सांगतो, इतके कोटी, तितके कोटी. व्हिटबीच्या बाजारात मात्र वयाला भाव कधीच नव्हता. भाव होता रिवाजाला. रिवाज होता तोवर गाव चालले. तो सुटला तेव्हा अठरा कोटी वर्षे कुणाच्या कामाला आली नाहीत.

माणसाला जेटचे वेड जुनेच. ब्रिटनमध्ये कांस्ययुगातल्या थडग्यांत जेटच्या मण्यांच्या माळा सापडल्या आहेत. रोमनांच्या काळात यॉर्क शहरात त्याचे कारागीर होते. बायकांच्या थडग्यांत केसांचे आकडे, बांगड्या, मेडुसाचा चेहरा कोरलेली पदके निघाली. जेट लोकरीवर घासले की ते विजेने भारले जाते आणि कागदाचे कपटे ओढून घेते. एवढ्यावर त्याला जादूचा माल समजले गेले असेल, तर त्या माणसांना हसायचे कारण नाही.

आता व्हिटबीचा दुसरा जीवाश्म. त्याच कड्यांतून अॅमोनाइट सापडतात. गोगलगाईसारखी वळलेली शंखाकृती, आत एके काळी माखल्याच्या नात्यातला प्राणी राहत असे. गावात टेकडीवर मठाचे भग्नावशेष आहेत. इथला मूळ मठ ६५७ साली हिल्डा नावाच्या साध्वीने स्थापला. दंतकथा अशी की, जागा सापांनी भरलेली होती. हिल्डाने प्रार्थना केली आणि साप वेटोळी घालून दगड झाले. पण या दगडी सापांना डोकी का नाहीत? तर दुसऱ्या एका संताने, कथबर्टने, त्यांना शाप दिला म्हणून. लोकांना एवढे पुरे होते. गिऱ्हाइकाला पुरे नव्हते. मग व्हिटबीच्या कारागिरांनी अॅमोनाइटच्या टोकाला छिन्नीने सापाचे डोके कोरून द्यायला सुरुवात केली. डोळे, तोंड, सगळे. ‘सर्पशिळा’ म्हणून ते विकले जात. गावाच्या बोधचिन्हावर आजही तीन अॅमोनाइट आहेत आणि तिघांनाही डोकी आहेत. पुढे शास्त्रज्ञांनी अॅमोनाइटच्या एका वंशाला हिल्डाचेच नाव दिले, हिल्डोसेरास. दंतकथेचा शास्त्राने केलेला हा सत्कार मला फार आवडतो.

आपल्याकडे हाच प्राणी देव्हाऱ्यात आहे. नेपाळात गंडकी नदीच्या पात्रातून येणारा शाळिग्राम म्हणजे बहुधा अॅमोनाइट असलेला काळा गोटा. तुळशीच्या लग्नात नवरदेव म्हणून ज्याला ठेवतात, तो. व्हिटबीच्या कारागिराने डोके जोडले. आपल्या परंपरेने मात्र हा दगड स्वयंभू मानला. त्याला मूर्तीसारखा घडवायचा नाही, त्याची प्राणप्रतिष्ठाही लागत नाही. तिथे दगड कथेला कमी पडला म्हणून त्यात भर घातली, इथे कथाच दगडातल्या चक्राभोवती बेतली. कुणी कुणाची चूक काढू नये. जीवाश्मप्रेमी मंडळी डोके कोरलेले अॅमोनाइट पाहून हळहळतात, आणि चांगला नमुना खराब झाला हे खरेच. पण जीवाश्म पाहून माणसाच्या हाताने काहीतरी करावे, याची इतकी उघड, इतकी न लपवलेली साक्ष दुसरीकडे क्वचित मिळेल.

पुन्हा जेटकडे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिटबीत दोघे जण, जॉन कार्टर आणि रॉबर्ट जेफरसन, साध्या चाकूने आणि कानशीने जेटचे मणी आणि क्रूस घडवत होते. ट्रेमलेट नावाच्या नौदलाच्या कॅप्टनने ते पाहिले. अंबर खरादावर धरून कातता येते हे त्याला माहीत होते. मग जेट का नको? त्याच्या आग्रहावरून खराद बसला आणि कारखाने सुरू झाले. रेल्वे आली, आधी १८३६ मध्ये पिकरिंगपर्यंत घोड्यांनी ओढलेली, जॉर्ज स्टीफन्सनने आखलेली. तिच्याबरोबर हवापालटाला येणारे प्रवासी आले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात व्हिटबीचे जेट मांडले गेले.

आणि १४ डिसेंबर १८६१ रोजी राणी व्हिक्टोरियाचा नवरा, राजपुत्र अल्बर्ट, वारला.

राजघराण्यात सुतकात काळे घालण्याची पद्धत आधीपासून होती. पण व्हिक्टोरियाने काळे घातले ते १९०१ मध्ये मरेपर्यंत सोडले नाही. दरबारात जायचे तर दागिना जेटचा हवा. दरबाराचे पाहून सरदारांच्या घरी, तिथून डॉक्टर-वकिलांच्या घरी, तिथून दुकानदारांच्या बायकांपर्यंत हा रिवाज उतरत गेला. विधवेने साधारण दोन वर्षे, कधी अडीच, सुतक पाळायचे. पहिले वर्ष आणि वर एक दिवस अगदी कडक, झळाळी नसलेले क्रेप कापड अंगावर, आणि दागिना घातलाच तर चकाकी न दिलेल्या जेटचा. पुढच्या टप्प्यात चकाकी चालायची. आईवडील, मुले, भावंडे यांच्यासाठी वेगवेगळ्या मुदती. त्या काळात मृत्यू घरात वारंवार यायचा. म्हणजे कपाटातला जेटचा संच फार दिवस आत राहत नसे.

आपल्या श्रोत्यांना इथे एक गोष्ट खटकली असेल, आणि ती खटकायलाच हवी. काळे मणी आपल्याकडे सौभाग्याचे. मंगळसूत्रातली काळी पोत नवरा असेतोवर गळ्यात, तो गेला की ती तोडायची, बांगड्या फोडायच्या. व्हिटबीत काळ्या मण्यांचा जन्मच नवरा गेल्यावर. रंग तोच, अर्थ पार उलटा. एका समाजाने विधवेचे दागिने काढून घेतले, दुसऱ्याने तिच्यासाठी दागिन्यांचा आख्खा उद्योग उभा केला. यातला दुसरा बरा, असे चटकन वाटते. मला तसे वाटत नाही. काय घालायचे आणि किती दिवस घालायचे, हे तिला विचारून ठरले नाही, ना इथे ना तिथे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याची बातमी झाली, यावरून आपण अजून कुठे आहोत ते दिसते.

धंद्याचे मात्र दिवस पालटले. १८७० च्या दशकात व्हिटबीत सुमारे चौदाशे माणसे आणि पोरे जेटच्या कामावर होती. कड्यावर दोर बांधून लोंबकळत किंवा कड्यात बोगदे खणून कच्चा माल काढायचा. बोगदा ढासळला की त्यात माणूस जायचा. कारखान्यात आल्यावर छिन्नीने वरची खडबडीत साल काढायची. मग करवतीने तुकडे, घासदगडावर आकार, बारीक चाकूने गुलाबाच्या पाकळ्या किंवा चेहऱ्याचे नक्षीकाम, आणि शेवटी लाकडी, कातडी चाकांवर झिलई. झिलईला लोहाची लाल भुकटी वापरत. ती कारागिरांच्या कपड्यांना, केसांना, भुवयांना चिकटायची. जेटचे कारागीर लालभडक होऊन घरी जायचे. जगातले सगळ्यात काळे दागिने घडवणारे लोक तांबडे! आणि घडवलेला माल हलका, पाण्यापेक्षा थोडाच जड. त्या काळच्या प्रचंड घेराच्या झग्यांवर शोभतील असे मोठाले लोलक कानात घातले तरी पाळ ओघळत नसे. सोन्यात हे जमले नसते.

मग दहा-पंधरा वर्षांत सगळे बसले. १८८४ पर्यंत तीनशेही कारागीर उरले नाहीत. कारणे तीन-चार सांगतात. मागणी वाढल्यावर स्पेनमधून मऊ जेट आणले गेले. त्यातल्या हलक्या मालाचे दागिने तडकायचे आणि बदनाम व्हायचे व्हिटबी. (स्पेनच्या अस्तुरियास भागातले चांगले जेट सांतियागोच्या यात्रेकरूंसाठी शतकानुशतके कोरले गेले आहे, त्याला कुणी नावे ठेवू नयेत.) काळी काच ‘फ्रेंच जेट’ म्हणून आली, गंधक घालून कडक केलेले रबर म्हणजे व्हल्कनाइट साच्यात घडवून मिळू लागले. हे सगळे खरे. पण माझ्या मते मूळ दुखणे वेगळे होते. एका मालाला एकच गिऱ्हाईक होते आणि ते म्हणजे शोक. नव्या पिढीला अडीच वर्षे काळे घालायला वेळ नव्हता. व्हिटबीने जेटला दुसरे कोणतेच काम शिकवले नव्हते.

आता तिथे खाणकाम होत नाही. वादळानंतर कडा ढासळतो, तुकडे किनाऱ्यावर येतात, ते वेचतात आणि मोजके कारागीर त्यातून दागिने घडवतात. गावातल्या एका पडक्या घराच्या पोटमाळ्यावर व्हिक्टोरियन काळातला आख्खा कारखाना, हत्यारांसह, जसाच्या तसा सापडला. आता तो गावातच मांडून ठेवला आहे.

जेट एकटे नाही. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात अॅमोनाइटच्या शिंपल्याचा सप्तरंगी थर रत्न म्हणून विकतात. त्याला अॅमोलाइट म्हणतात आणि १९८१ साली जागतिक दागिने संघटनेने त्याला रत्नाचा दर्जा दिला. थर इतका पातळ असतो की वर स्फटिकाची टोपी चढवावी लागते. तिथले ब्लॅकफूट लोक अशा अॅमोनाइटला ‘इनिस्किम’ म्हणतात आणि बायसनच्या शिकारीत त्याची मदत होते असे मानत आले आहेत. तिथेही रिवाज दागिन्याच्या आधी आला, हे लक्षात घ्या.

शेवटी, ज्यांनी घरातला आजीचा काळा मणी आज पर्समधून आणला आहे, त्यांच्यासाठी. गालाला लावून पाहा. गार लागला तर काच. जेट उबदार लागते. चकाकी नसलेल्या चिनी मातीवर, म्हणजे कपाच्या बुडाच्या न रंगवलेल्या कडेवर, हलकेच ओढा. जेट तपकिरी रेघ काढते. पण इथे फसू नका, व्हल्कनाइटही तपकिरीच रेघ काढते. त्याला जोराने चोळा, गंधकाचा वास येतो. शिवाय व्हल्कनाइट साच्यातले असल्याने एकसारखे असते, आणि उन्हात राहून राहून स्वतःच तपकिरी पडते. जेट हाताने कोरलेले असते, त्यामुळे भिंगातून मागची बाजू पाहिली की चाकूची रेघ दिसते. गरम सुई टोचून पाहायचा सल्ला काहीजण देतात. तो मात्र ऐकू नका. भोक बुजत नाही.